एक चकती कर्मचाऱ्यांसाठी

आमचे जावई गुरुदत्तराव सबनीस यांना जगातली एकच गोष्ट येत नाही, ती म्हणजे गप्प बसणं. बाकी सगळं येतं. लग्नात भटजींनी अंतरपाट धरला, तर हे पलीकडून त्यांना सांगताहेत की गुरुजी, तुमच्या पंचांगातला सूर्योदय मुंबईचा आहे, इथे काही मिनिटांचा फरक पडतो. भटजी पुढचं मंगलाष्टक विसरले. तेव्हाच मी आमच्या हिच्या कानात म्हणालो होतो, "पोरगी देतोय खरी, पण तिला कान दोनच आहेत."

गेली अठरा वर्षं हे जर्मनीत, स्टुटगार्टला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम. बायको म्हणजे माझी लेक वैभवी, आणि तेरा वर्षांची नात ईप्सिता. मी दर उन्हाळ्यात तीन महिने जातो. गुरुदत्तरावांनी मला पहिल्या वर्षी खिडकी कशी उघडायची ते शिकवलं. चाळीस मिनिटं. तिरकी उघडली तर काय, सताड उघडली तर काय, भिंतीला बुरशी कधी येते. दुसऱ्या वर्षी कचरा. चार डबे आणि त्यांचे चार स्वभाव. मी सातवी पास माणूस, आयुष्यभर कोरेगाव तालुक्यात पिठाची गिरणी चालवली. खिडकी मला येत होती, पण म्हटलं, बोलू दे. जावई आहे.

यंदा मात्र पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी वैभवीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. नळ सोडून ठेवला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"नाना, ह्यांना सही करायचीय."

"कशावर?"

"कंपनी माणसं कमी करतेय. जो आपणहून जाईल त्याला एकरकमी पैसे. कागद आलाय घरी. पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सही करून द्यायचा."

"मग दुसरी नोकरी बघितली असेल त्यांनी."

"नाही. रुले खेळणार म्हणतायत. स्पीलबांकमध्ये जाऊन. नोकरीसारखं, आठवड्यातून चार दिवस."

स्पीलबांक म्हणजे तिकडचा सरकारमान्य जुगाराचा अड्डा, आत झुंबरं असलेला. मी हसलो. मग तिचं तोंड बघितलं आणि हसू आवरलं.

"पन्नासावं लागलंय त्यांना, नाना. एकदा बाहेर पडले की इथे कोण घेणार परत? आपणहून सही केली की बेकारभत्तासुद्धा तीन महिने मिळत नाही. मी बोलले की मला तक्ता दाखवतात. तुम्ही बोला."

ईप्सिता फ्रिजमधून दूध काढत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. काहीतरी म्हणाली आणि गेली.

"काय म्हणाली गं?"

"पापाच्या डोक्यात पक्षी आहे म्हणते. इथे असं म्हणतात."

पोरगी हुशार आहे. आजोळवर गेलीय.

जेवणानंतर मी नुसतं विचारलं, "गुरुदत्तराव, हे रुले म्हणजे आपल्या जत्रेतली चक्रीच ना?" बस्स. माणूस खुर्चीत सरसावून बसला. लॅपटॉप आला. तक्ते आले.

"आल्झो, तर नाना. लोकांचा हाच घोळ होतो. रुले एक नसतं. तीन प्रकार आहेत. युरोपियन चक्रात एक ते छत्तीस आकडे आणि एक शून्य, म्हणजे सदतीस घरं. अमेरिकन चक्रात शून्य आणि वर डबल शून्य, म्हणजे अडतीस. आणि फ्रेंच पद्धतीत चक्र तेच एका शून्याचं, पण लाल-काळ्यावर लावलं आणि शून्य आलं, तर अर्धे पैसे परत. तुमच्या आकड्यावर गोळी पडली की तिन्हीकडे पस्तीस पट."

"आणि घट किती?"

"काय?"

"घट हो. पायलीभर ज्वारी दळली की थोडं पीठ जात्याला चिकटतं, थोडं उडतं. गिऱ्हाईक डबा घरी नेऊन तोलतं आणि भांडायला येतं. चाळीस वर्षं मी एवढंच ऐकलंय. तुमच्या चक्राची घट किती?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ते ज्याला टक्केवारी म्हणतात तीच ही, हे त्यांना पटायला वेळ लागला. मग म्हणाले, एका शून्याला शंभरामागे दोन पूर्णांक सात. डबल शून्याला सव्वापाच. अमेरिकेत हल्ली तीन शून्यांची चक्रंही आलीत, तिथे पावणेआठ. "शुद्ध लूट, नाना! त्या चक्रापुढे बसणारा माणूस गाढव."

"आणि लाल-काळं? अर्धे परत देतात ते?"

"तिथे सव्वाच्या जरा वर."

"मग तुम्ही तेच खेळत असाल."

ते असे हसले, जसा वाण्याचा पोरगा उधारी मागणाऱ्याला हसतो. "ते पेन्शनर लोकांचं काम, नाना. मी आकडे खेळतो."

आता इथे मला आमचा बाबू चक्रीवाला सांगायलाच हवा. आमच्या गावच्या जत्रेत तो यायचा. लाकडी चाक, त्यावर दहा घरं, आणि टोकाला मोराचं पीस लावलेला काटा. रुपया लावायचा, घर लागलं तर लावलेला धरून नऊ रुपये. जत्रा संपली की उरलेलं धान्य दळायला माझ्याकडे यायचा. मी एकदा विचारलं, "बाबू, घरं दहा आणि देतोस नऊ, दहावं घर कुणाचं?" तो म्हणाला, "आमच्या चुलीचं." एवढा सरळ माणूस. झुंबर नाही, गालिचा नाही, पण दहावं घर चुलीचं हे तोंडावर सांगायचा. तर गुरुदत्तरावांनी तासभर जे सांगितलं ते एवढंच, की युरोपातल्या चक्राला चूल एक, अमेरिकेतल्या चक्राला दोन.

पण त्यांचा पुढचा भाग खास होता. तिकडे म्हणे दिवसभरात कुठले आकडे आले त्याच्या याद्या मिळतात. यांनी सहा वर्षांच्या याद्या गोळा केल्या होत्या. जो आकडा साठ फेऱ्यांत आला नाही, तो "थकलेला" आकडा. असे चार थकलेले आकडे धरायचे आणि प्रत्येक फेरीत चौघांवर एकेक चकती, म्हणजे तिथलं पैशाऐवजीचं नाणं, लावायची.

"का?"

"कारण तो येणं बाकी असतं."

"चाकाला कुणी सांगितलं?"

"तुम्हाला स्टॅटिस्टिक्स कळणार नाही, नाना."

बरोबर आहे. मला एवढंच कळतं की बाबूच्या चाकाला कालचं काही आठवत नसे, आणि ते चाक तर साधं बाभळीचं होतं.

शनिवारी दुपारी मी त्यांच्याबरोबर निघालो. वैभवीला वाटलं मी समजवायला जातोय. मी बघायला जात होतो. गिरणीत आवाज वेगळा आला की आधी बघायचं, मग हात घालायचा.

दारात पासपोर्ट मागितला. बंदी घातलेल्या माणसांची यादी असते म्हणे, तीत नाव बघतात. माझं नाव नव्हतं. आत दिवसाढवळ्या पडदे ओढलेले. एका लांब टेबलाशी पांढऱ्या मनगटपट्ट्यांचा एक वयस्क चक्रीवाला, त्याला क्रुपिये म्हणतात. हातात लांब दांड्याचं लाकडी फावडं, त्यानं चकत्या ओढायच्या आणि सरकवायच्या. गुरुदत्तराव दिसल्याबरोबर तो मान झुकवून म्हणाला, "गुटन टाग, हेर सबनीस." हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत.

आणि मी बघितलं, आमच्या जावयांची छाती दोन बोटं वर आली.

हे शंभर चकत्या घेऊन बसले. मी मागे खुर्चीवर. एका फेरीत चार चकत्या लावायच्या, तीन-चारदा सगळं जायचं, मग कधीतरी यांचा आकडा. क्रुपिये पस्तीस चकत्या मोजून सरकवायचा आणि क्षणभर थांबायचा. फार नाही, अर्धा श्वास. की गुरुदत्तराव त्यातली एक चकती दोन बोटांनी परत ढकलायचे आणि म्हणायचे, "फ्यूर दी आंगेश्टेल्टन." म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी. क्रुपिये ती टेबलातल्या एका फटीत टाकायचा आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "फीलेन डांक, हेर सबनीस." म्हणजे फार आभार. पुन्हा छाती दोन बोटं.

शेजारच्याला खुणेनं विचारलं, त्यानं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. रिवाज आहे तिकडचा. आकडा लागला की एक चकती त्यांची. सक्ती नाही, पण देतात सगळे. लाल-काळ्यावर जिंकलं तर कुणी देत नाही.

माझ्या उजव्या खिशात लवंगांची डबी असते. त्यांनी एक चकती परत ढकलली की मी एक लवंग डाव्या खिशात टाकायला लागलो. तीन तास बसलो. एकशेदहा फेऱ्या झाल्या, हे त्यांनीच मोजलं होतं.

बाहेर आल्यावर एस-बानमध्ये, म्हणजे तिकडच्या लोकलमध्ये बसलो. गुरुदत्तराव खुशीत होते. वही काढून म्हणाले, "बघा नाना. एकशेदहा फेऱ्या, चारशे चाळीस चकत्या लावल्या. बारा आकडे लागले. छत्तीस गुणिले बारा चारशे बत्तीस. आठ गेल्या फक्त. आठ म्हणजे काहीच नाही. नॉइज."

"शंभर घेऊन बसलात. उठताना हातात किती होत्या?"

"ऐंशी."

"म्हणजे गेल्या वीस."

वही उलटी केली, सुलटी केली. अठरा वर्षं सॉफ्टवेअर, आणि शंभरातून ऐंशी वजा जाईनात.

मी डावा खिसा त्यांच्या तळहातावर रिकामा केला. "मोजा."

"लवंगा?"

"मोजा हो. बारा आहेत. आठ चाकानं खाल्ल्या, बारा तुमच्या तोंडानं."

"ते ट्रिंकगेल्ड, बक्षीस आहे, नाना. ते हिशेबात धरत नाहीत."

"कोण धरत नाही? घट धरत नाही म्हणणारं गिऱ्हाईक मला चाळीस वर्षांत भेटलं नाही, आज भेटलं." मग मी त्यांना चौथीचं गणित घातलं. सदतीस घरांवर एकेक चकती ठेवा. सदतीस गेल्या. कुठलं तरी एक घर लागणारच, पस्तीस आल्या आणि त्या घरावरची आपली एक, झाल्या छत्तीस. घट एक. त्यातली एक त्या पांढऱ्या मनगटाला दिलीत, राहिल्या पस्तीस. घट दोन. सदतिसात दोन. आता तुमचं ते लुटारू अमेरिकन चक्र. अडतीस लावल्या, छत्तीस आल्या, घट दोन. अडतिसात दोन. "सांगा गुरुदत्तराव, कुठं जास्त गेलं? डबल शून्यापुढे बक्षीस न देता बसणारा तुमचा तो गाढव तुमच्यापेक्षा स्वस्तात सुटतो."

फाइहिंगन स्टेशन येईपर्यंत ते मोबाईलवर काहीतरी करत होते. उतरताना हळूच म्हणाले, "पाच पूर्णांक चार."

"काय?"

"टक्के. डबल शून्याला सव्वापाच."

सहा वर्षांच्या याद्या, अकरा तक्ते, आणि रोज आपल्याच हातानं ढकललेल्या चकतीला एक रकाना नाही! मला इतका आनंद झाला की घरापर्यंतची चढण मी न थांबता चढलो.

पण ऐकतील तर ते सबनीस कसले. दारात बूट काढताना यांचा चेहरा पुन्हा उजळला. "सोपं आहे, नाना. बक्षीस द्यायचं नाही. सक्ती थोडीच आहे? मग परत दोन पूर्णांक सात, आणि ती घट माझी सिस्टिम भरून काढते. उलट तुम्ही माझी सिस्टिम सुधारलीत. सही करायला हरकत नाही."

वैभवी दारात उभी. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला गिरणीचा पट्टा तुटल्यासारखं झालं. सुधारायला गेलो आणि बळ देऊन आलो.

रात्रभर, खोटं कशाला सांगू, झोपलो छान, पण सकाळी उठून विचार केला. या माणसाला गणितानं हरवून उपयोग नाही. गणितात हरला की तो नवा तक्ता काढतो. मी पैशाकडे बघत होतो, आणि हा पैशासाठी तिथे जातच नव्हता. वैभवीला विचारलं, कचेरीत कसं चाललंय यांचं. ती म्हणाली, यांच्या हाताखाली नऊ माणसं होती, ती वाटून टाकली. वर आलाय लुकास नावाचा एकतीस वर्षांचा मुलगा. मीटिंग संपली की तो म्हणतो, "गुरू, टिपणं तू लिहिशील का?" आडनावसुद्धा नाही.

झालं. मला चाकाचा आस सापडला.

रविवारी नाश्त्याला मी म्हणालो, "गुरुदत्तराव, पैज लावता?"

"कसली?"

"गुरुवारी परत जाऊ. आकडा लागला की पस्तीसच्या पस्तीस आपल्याकडे ओढायच्या. उठेपर्यंत एकही परत दिली नाहीत, तर शुक्रवारी खुशाल सही करा, वैभवीला मी समजावतो. एक जरी दिलीत, तर सही नाही."

"एवढंच?" ते हसले. "गेनाऊ! मंजूर."

वैभवीच्या हातातलं थालीपीठ तव्याऐवजी ओट्यावर पडलं. मला बाल्कनीत ओढून म्हणाली, "नाना, माझा संसार डावावर लावलात तुम्ही? एक चकती न देणं काय अवघड आहे?"

"तुझ्या नवऱ्याला फार अवघड आहे."

"आणि दिली नाही तर?"

एरवी मी दाणा टाकायच्या आधी जातं बघतो, पण यावेळी टाकून बसलो होतो. ते चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

गुरुवारी दुपारी तेच टेबल, तोच क्रुपिये. "गुटन टाग, हेर सबनीस." यांनी मान हलवली. अर्धा तास काही लागेना. मग एकोणतीस. पस्तीस चकत्या सरकत आल्या. क्रुपिये अर्धा श्वास थांबला. गुरुदत्तरावांनी सगळ्या ओढून घेतल्या आणि माझ्याकडे वळून डोळा मिचकावला. क्रुपियेनं काही म्हटलं नाही. चाक फिरवलं.

खिशातली लवंग खिशातच.

दुसऱ्यांदा आठ लागला. पस्तीस आल्या. अर्धा श्वास. यांनी ओढल्या. क्रुपिये म्हणाला, "बिटे." नुसतं "बिटे", म्हणजे घ्या. हेर नाही आणि सबनीसही नाही. शेजारी मोत्यांची माळ घातलेली एक म्हातारी होती, तिनं यांच्या चकत्यांच्या ढिगाकडे बघितलं, मग यांच्याकडे, मग तिसरीकडे. गुरुदत्तरावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आणि काय करावं या गृहस्थानं? तिच्याकडे झुकून जर्मनमध्ये समजावून सांगायला लागले. मी नंतर विचारलं काय सांगत होता. म्हणाले, ही एक सांख्यिकी चाचणी आहे, माझी एरवीची वागणूक अशी नसते. म्हातारीनं आपल्या चकत्या थोड्या लांब सरकवल्या.

तिसऱ्यांदा लागला तेव्हा यांचा हात पुढे गेला. दोन बोटं चकतीवर. परत मागे घेतला, हात मांडीखाली दाबला, शाळेतल्या पोरासारखा. क्रुपिये आता थांबतसुद्धा नव्हता. चकत्या सरकवायचा आणि दुसरीकडे बघायचा, जसा लुकास बघत असेल. मला वाटलं, संपलं. हा माणूस आज टिकतोय. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट न करून दाखवतोय आणि नेमकी आजच. उद्या वैभवीला कुठल्या तोंडानं समजवायचं?

चौथ्यांदा सतरा.

पस्तीस चकत्या आल्या. गुरुदत्तराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग एक उचलली. मग दुसरी. मोजून चार चकत्या त्यांनी पुढे ढकलल्या, मागची सगळी थकबाकी, आणि घसा खाकरून म्हणाले, "फ्यूर दी आंगेश्टेल्टन."

"फीलेन डांक, हेर सबनीस," क्रुपिये म्हणाला. मोत्यांच्या माळेनंही हसून मान हलवली.

मी असा हसलो की दारातला रखवालदार आत आला. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, दोन पदव्या, आणि चार चकत्या मोजून आपलंच आडनाव विकत घेत होता. हसता हसता मला त्यांचा चेहरा दिसला. घाम पुसत होते आणि खुश होते. पैज हरलेत हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. मी चार लवंगा काढल्या आणि त्यांच्या चकत्यांशेजारी मांडल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं.

येताना गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. बावीस मिनिटं. लग्नानंतरचा विक्रम असावा.

शुक्रवारी घरूनच काम होतं. मी पेपर वाचतोय असं दाखवत बसलो. साडेअकराला त्यांनी तो कागद काढला, दोन वेळा वाचला. पेन उघडलं. वैभवी ओट्याशी पाठ करून उभी, कणीक तिंबत, एकाच गोळ्याला दहा मिनिटं. मग टक् करून आवाज आला. आम्ही दोघांनी वळून बघितलं. सही नव्हती केली. कागदाला दोन भोकं पाडली होती. जर्मनीत राहून हा माणूस कागद फाडेल कसा? भोकं पाडून फायलीत लावला, फायलीच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली आणि फळीवर ठेवली. बाराचे ठोके पडले. वैभवीनं त्या गोळ्याच्या पोळ्या केल्या, रबरासारख्या, आणि मी सहा खाल्ल्या.

एवढ्यावर संपलं असतं तर गुरुदत्तराव सबनीस म्हणजे कुणी भलतेच म्हणावे लागले असते. तीन आठवड्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. मागे पडदा, त्यावर मथळा: "रुलेचे प्रकार आणि त्यांची घट." घट! माझा शब्द. एक शून्य, दोन शून्यं, तीन शून्यं, रंगीत तक्ते. मग म्हणाले, "पण खरी गंमत पुढे आहे. बक्षिसाचा रिवाज कुणी हिशेबात धरत नाही. मी तो धरून पाहिला, आणि माझ्या असं लक्षात आलं की..." साठ माणसं माना डोलवत होती. ईप्सिता माझ्याशेजारी बसली होती. ती जोरात काहीतरी जर्मनमध्ये म्हणाली, त्यात "नाना" एवढंच मला कळलं. मी तिचा हात दाबला आणि सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला आणि माइकवर म्हणाले, "सबनीस सरांचे मनःपूर्वक आभार."

छाती दोन बोटं वर. पुरती दोन बोटं, आणि एक चकतीसुद्धा लागली नाही.

व्यासपीठावरून उतरून ते सरळ माझ्याकडे आले. मला वाटलं, आता तरी एक शब्द म्हणतील. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि तो सोलायचा कसा, शेंडी कुठल्या बाजूला धरायची, ते सांगायला सुरुवात केली. मी तोंडात एक लवंग टाकली आणि ऐकत राहिलो.